बोलायला समोर माणूस हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पत्रव्यवहाराच्या पानावर गेले काही महिने एकाच विषयावर पत्रं येत आहेत : पोटापाण्यासाठी महाराष्ट्रात आलेल्यांनी मराठी बोललं पाहिजे की नाही. बोललं पाहिजे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. इचलकरंजीत नगरपालिकेच्या शाळेत माझी सगळी नोकरी मराठी शिकवण्यात गेली. ३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्र सरकारनं मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, तेव्हा आमच्या गल्लीत मी पेढे वाटले होते. पण इतक्या पत्रांत एका साध्या प्रश्नाला कुणी हात घातलेला दिसला नाही. उद्या एखाद्या बिहारी किंवा ओडिया कामगाराच्या बायकोनं मनापासून ठरवलं की आता मराठीच बोलायचं, तर तिनं ते बोलायचं कुणाशी?

हा प्रश्न मला पडला तो फ्रान्समधल्या एका डोंगरी गावात, जिथं परकी बाई मी होते. तिथं मला एक मैत्रीण मिळाली आणि तिच्यामुळं मी फ्रेंच बोलायला लागले. ते कसं घडलं हे सविस्तर सांगितल्याशिवाय माझं म्हणणं पटणार नाही, म्हणून पत्र लांबलं आहे. जागा असेल तर पूर्ण छापावं, ही विनंती.

माझी मुलगी आणि जावई सेंत-एत्येन या शहरात नोकरी करतात. ल्योनच्या नैर्ऋत्येला हे जुनं कामगारांचं शहर आहे. एके काळी इथं कोळशाच्या खाणी होत्या, बंदुका आणि सायकली बनायच्या आणि रेशमी फिती विणल्या जायच्या. फ्रान्समधली पहिली रेल्वे १८२७ साली इथूनच कोळसा वाहायला सुरू झाली, तीही घोड्यांनी ओढलेली. शहराला लागून पिला नावाचा डोंगर आहे आणि त्याच्या माथ्यावरच्या एका गावात मुलीचं बिऱ्हाड. गावाचं नाव मुद्दाम देत नाही. वस्ती लहान आहे, नाव दिलं तर माझी मैत्रीण कोण हे तिथला शेंबडा पोरगाही सांगेल, आणि तिला ते आवडायचं नाही.

निघण्याआधी मी पुण्याच्या एका बाईंकडे ऑनलाइन फ्रेंच शिकत होते. निवृत्तीनंतर हाताशी वेळ होता आणि लेकीकडे जाऊन मुक्यासारखं बसायचं नव्हतं. व्याकरण मला जमलं, कारण व्याकरण शिकवण्यात आयुष्य गेलं होतं. परीक्षा दिली, चांगले गुण मिळाले. फोनवरचं अॅपही रोज शाबासकी द्यायचं. माझं नाव अमुक, मी भारतातून आले, मला दोन मुलं आहेत, मला चहा आवडतो. एवढं सगळं न अडखळता यायचं.

वाटेत पॅरिसमध्ये मुक्काम झाला, तिथं या फ्रेंचचा उपयोग झाला नाही. मी दुकानात फ्रेंचमध्ये विचारलं की समोरून इंग्रजीत उत्तर यायचं. माणसं सौजन्यानंच वागत होती. बाई अडखळतेय, तिला सोपं करून देऊ, असा चांगला विचार. पण तेवढ्यानं माझं वाक्य तिथंच संपायचं. पुढचं वाक्य जुळवायची गरजच उरायची नाही.

गावात आले तेव्हा मार्च होता. सावलीतला बर्फ अजून वितळलेला नव्हता आणि उत्तरेकडून ‘बुर्ल’ म्हणतात तो झोंबरा वारा सुटायचा. सकाळी लेक-जावई गाडी काढून सेंत-एत्येनला गेले की संध्याकाळपर्यंत घरात मी एकटी. चौकात चर्च, त्याच्यापुढं पहिल्या महायुद्धात गेलेल्या गावच्या पोरांची नावं कोरलेला दगड, एक बेकरी, आणि नगरपालिकेच्या इमारतीत वरच्या मजल्यावर वाचनालय. तिथं लहान गावालाही स्वतःची नगरपालिका आणि महापौर असतो. वाचनालय आठवड्यातून थोडेच तास उघडं असतं आणि ते चालवणारे सगळे बिनपगारी. बेकरीवाल्या बाईंनी मला सांगितलं की बुधवारी दुपारी तिथं परदेशातून आलेल्यांसाठी गप्पांचा तास असतो, जा.

हा गप्पांचा तास कसा चालतो ते मला शिक्षिका म्हणून फार बारकाईनं बघावंसं वाटलं. फ्रान्समध्ये १९०१ सालचा संस्थांचा एक कायदा आहे. दोन माणसं एकत्र आली, चार ओळींची नियमावली लिहून सरकारदरबारी नोंदवली की संस्था उभी राहते. गावोगावच्या भजनी मंडळापासून क्रिकेट क्लबापर्यंत आपल्याकडे जे जे असतं, ते तिथं या कायद्याखाली चालतं. गप्पांचा तासही अशाच एका संस्थेचा. फळा नाही, पुस्तक नाही, हजेरी नाही. एक मोठं टेबल, किटलीत चहा, ताटलीत बिस्किटं. शिकायला येणारे आम्ही मूठभर : पोर्तुगालच्या गवंड्याची बायको, युद्धामुळं घर सोडून आलेली युक्रेनची एक तरुण आई, लाकडाच्या कारखान्यात काम करणारा एक अफगाण मुलगा आणि मी. समोर गावातली दोन-तीन निवृत्त माणसं. त्यांतला एक पूर्वीचा पोस्टमन होता. त्याच्याइतका चांगला शिक्षक मी पाहिलेला नाही, आणि शिकवण्याचं प्रशिक्षण त्यानं कधी घेतलेलं नव्हतं.

त्याची पद्धत सांगते. तुम्ही बोलत असताना तो मध्ये तोंड घालत नसे. चूक झाली तरी वाक्य पुरं होऊ द्यायचा. मग मान हलवत तेच वाक्य स्वतः बरोबर म्हणायचा, जणू तुमचं म्हणणं पक्कं करून घेतोय, आणि लगेच पुढचा प्रश्न. चूक दाखवली असं वाटायचंच नाही, पण बरोबर रूप कानावर पडलेलं असायचं. दुसरी गोष्ट, तुम्ही शब्द शोधत थांबलात की तोही थांबायचा. चहाचा घोट घ्यायचा, खिडकीबाहेर बघायचा. वर्गात प्रश्न विचारल्यावर मुलाला उत्तर शोधायला आपण किती वेळ देतो, याचा विचार सगळ्या शिक्षकांनी करावा. तो पोस्टमन आमच्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ द्यायचा.

एवढं असूनही सुरुवातीला माझी गाडी ‘मला चहा आवडतो’च्या पुढं सरकत नव्हती. विचारलेल्याचं उत्तर द्यायचे आणि थांबायचे. आपणहून सांगावं असं काही सुचायचंच नाही.

मग एका बुधवारी मी इरकल नेसून गेले. पाडवा होता त्या आठवड्यात. शेजारच्या टेबलावर एक बाई देणगीत आलेल्या पुस्तकांना प्लॅस्टिकची कव्हरं घालत बसायच्या. सत्तरी ओलांडलेल्या, उंच, निळा सुती अॅप्रन, कात्री दोरीनं गळ्यात अडकवलेली. गप्पांच्या टेबलावर त्या कधी येत नसत. त्या दिवशी कात्री सोडून सरळ माझ्यापाशी आल्या, बघू का म्हणून विचारलं, पदराचं टोक दोन बोटांत धरलं आणि उलटं केलं. नक्षी सुलट बाजूनं कुणीही बघतं. त्या आधी उलट बाजू बघत होत्या, चष्मा कपाळावर सारून, कापड डोळ्यांच्या अगदी जवळ नेऊन. मी मनात म्हटलं, ही बाई मागाच्या घरातली.

मग बोट फिरवत फिरवत त्या, पदर जिथं अंगाला जोडलेला असतो तिथं येऊन थांबल्या. इरकलीत अंगाचा ताणा वेगळा आणि पदराचा लाल रेशमी ताणा वेगळा. विणकर ते दोन्ही एकमेकांत फासे घालून जोडतो आणि मग पदर विणतो. माहीत नसलेल्याला ती जागा दिसत नाही. त्यांच्या बोटाला ती लागली. त्यांनी विचारलं, हे कुणी जोडलं? एकेक धागा? हातानं?

हा प्रश्न माझ्या कुठल्याच धड्यात नव्हता. ताणा, बाणा, फासा, विणकर, यांपैकी एकही शब्द मला फ्रेंचमध्ये येत नव्हता. पण सांगायचं होतं, अगदी पोटातून सांगायचं होतं. मी कागदी रुमालाच्या पट्ट्या फाडल्या, टेबलावर उभ्या-आडव्या मांडल्या, दोन पट्ट्यांच्या टोकांचे फासे करून एकमेकांत अडकवून दाखवले. त्या एकेक वस्तूचं नाव सांगत गेल्या आणि मी ते वाक्यात घालत गेले. तास संपला, पोस्टमननं किटली विसळून ठेवली, बाकीचे गेले, तरी आमचं चालूच होतं.

आता माझं घर. वडील यंत्रमागावर जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करून चालते ठेवणारे कारागीर होते. आई घरी कांड्या भरायची, म्हणजे धोट्यात बसणाऱ्या नळीवर सूत गुंडाळायची, नगावर मजुरी. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी इचलकरंजीत पहिला यंत्रमाग आणला, जहागीरदार नारायणराव घोरपड्यांनी त्यांना पाठबळ दिलं, आणि मग गाव मागांवरच वाढलं. आमच्याकडे ‘खर्चीवाला’ म्हणतात तो लहान यंत्रमागधारक. माग त्याचा, जागा त्याची, पण सूत व्यापाऱ्याचं, आणि याला मिळते ती विणण्याची मजुरी.

तिकडं काय होतं? पिला डोंगरावरच्या घराघरांत फितीचे माग होते. मागाचा मालक विणकर स्वतः. रेशीम आणि नक्षी सेंत-एत्येनच्या व्यापाऱ्याची, मजुरी मापावर. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी या डोंगरावर वीज आली ती दिव्यांइतकीच घरातल्या मागांसाठी, आणि छोट्या मोटारींवर माग फिरायला लागले. माझ्या मैत्रिणीची आई घरात दोन माग चालवायची, वडील शेती आणि गुरं बघायचे. म्हणजे ती फ्रान्समधल्या खर्चीवाल्याची पोर निघाली! इकडं आई कांड्या भरते, तिकडं आई कांड्या भरते. दोघींनी लहानपणी शाळेतून आल्यावर हेच केलेलं. पाटी-दप्तर टाकायचं आणि कांड्या भरायला बसायचं.

त्यानंतर मी तिच्या घरी जायला लागले. घर दगडी, खोल्या बुटक्या, पण एकच खोली दुप्पट उंच आणि तिला तितक्याच उंच खिडक्या. जॅकार्डचं, म्हणजे नक्षी विणण्याचं यंत्र मागाच्या डोक्यावर बसतं, म्हणून छत उंच लागतं. रंगाच्या छटा ओळखायच्या असतात, म्हणून उजेड जास्त लागतो. माग कधीच गेले. बायकांच्या टोप्यांवरच्या, कपड्यांवरच्या रेशमी फितींची फॅशन ओसरली, पुढं कृत्रिम धागा आणि मोठे कारखाने आले, आणि घराघरांतले माग मोडून लाकूड चुलीत आणि लोखंड भंगारात गेलं. आमच्याकडं साधे माग भंगाराच्या भावानं विकले जाताना मी डोळ्यांनी पाहिलेत, त्यामुळं ती सांगत होती त्यातलं निम्मं मला शब्द न कळताही कळत होतं. तिच्याकडं एक लाकडी खोकं आहे, त्यात आईच्या मागाचे धोटे ठेवलेत. फितीचा धोटा आमच्या धोट्यासारखा हातभर लांब नसतो. तळहातावर मावेल इतका लहान, जरा वाकडा, झिजून गुळगुळीत झालेला. एका मागावर एका वेळी कितीतरी फिती शेजारी शेजारी विणल्या जातात आणि दर फितीला स्वतःचा धोटा.

जवळच्या झोंझ्यो नावाच्या गावात फितीच्या मागांचं एक संग्रहालय आहे. तिथं स्वयंसेवक माग चालू करून दाखवतात. आम्ही दोघी गेलो. माग सुरू झाला आणि तिनं मला काहीतरी सांगायला तोंड उघडलंच नाही, हातानंच खूण केली. मी ओळखली, कारण आमच्या कारखान्यातही खडखडाटात कुणी ओरडत नाही. हातानं आणि ओठांच्या हालचालीनं बोलतात. पीस संपलं, सूत तुटलं, जेवायला चल, मालक आला. माझ्या वडिलांच्या खुणा मी तिला करून दाखवल्या, तिच्या आईच्या तिनं मला. बरोबरचे पर्यटक मागाकडं बघायचे सोडून आमच्याकडं बघत होते. सेंत-एत्येनच्या कला आणि उद्योग संग्रहालयात फितींचा जगातला सगळ्यात मोठा संग्रह आहे, तोही पुढं पाहिला. सुंदरच आहे. पण झोंझ्योला तेल आणि तापलेल्या लाकडाचा जो वास आला, तो तिथल्या काचेच्या कपाटांत नव्हता.

फ्रेंचचं म्हणाल तर, ‘पूर्वी असं असायचं, आई असं करायची’ हे सांगायला फ्रेंचमध्ये भूतकाळाचं वेगळं रूप आहे. मी ते पाठ केलं होतं, रिकाम्या जागा भरल्या होत्या, त्यात पैकीच्या पैकी गुण मिळवले होते, आणि प्रत्यक्ष तोंडून कधी निघालं नव्हतं. आई-वडिलांबद्दल बोलायला लागले आणि ते रूप आपसूक यायला लागलं, कारण दुसऱ्या कुठल्या रूपात ती गोष्ट सांगताच येत नव्हती.

एप्रिलमध्ये ती मला शेताच्या बांधावर घेऊन गेली, हातात जुनी सुरी. सिंहदंती, म्हणजे इंग्रजीत डँडेलियन म्हणतात त्या रानभाजीची कोवळी पानं मुळापासून कापायची, पिवळं फूल यायच्या आत, नाहीतर कडू होतात. घरी आणून धुऊन, उकडलेलं अंडं आणि मोहरीचं तिखट घालून कोशिंबीर. पाथरीची भाजी रानातून खुडणाऱ्या माणसाला यात नवल वाटायचं कारण नाही. तिकडं या पानांना ‘बाराबाँ’ म्हणतात. पाइनच्या झाडाच्या बोंडाला ‘बाबे’ म्हणतात, आणि कुणाचं वाईट झालं की ‘बोसेन्य’ म्हणून हळहळतात. हे खास त्या मुलखातले शब्द. माझ्या पुण्याच्या बाईंनाही ते माहीत नव्हते. मी त्यांना व्हिडिओ कॉलवर सांगितले, तर त्यांनी वही काढून लिहून घेतले.

मे महिन्यात टोमॅटोची रोपं लावायची होती. ऊन पडलं होतं, मी म्हटलं लावून टाकू. ती ऐकेना. ११, १२ आणि १३ मे हे तीन थंडीच्या संतांचे दिवस, ते गेल्याशिवाय रोप जमिनीत घालायचं नाही, त्या रात्री हिवाळा परत फिरतो. मी तिला आपल्या नक्षत्रांचं सांगितलं, रोहिणीचा पेरा, मृगाचा किडा. पावसाला वाहन असतं, बेडूक, म्हैस, हत्ती, आणि शेतकरी ते पंचांगात बघतो, हे सांगितल्यावर तिनं कोणत्या वाहनाला किती पाऊस हे एकेक करून विचारलं. त्या एका दुपारी मी जेवढं फ्रेंच बोलले तेवढं आधीच्या सबंध वर्षात बोलले नव्हते. बारा तारखेच्या रात्री खरंच हिव पडलं. सकाळी तिनं मला बोलावून गवतावरचं पांढरं दाखवलं.

हे का जमलं याचा मी पुष्कळ विचार केला आहे. तिला इंग्रजी येत नाही, हे पहिलं कारण. अडलं तर सुटायला दुसरी वाटच नव्हती, फ्रेंचमधूनच पुढं जावं लागायचं. दुसरं, आमच्या हातांना काहीतरी काम असायचं. भाजी निवडणं, लाकडं रचणं, पुस्तकांना कव्हरं घालणं. समोरासमोर नुसतं बसून ‘आता बोला’ म्हटलं की माणूस गोठतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, तिलाही माझ्याकडून काहीतरी हवं होतं. तिची मुलं लांब शहरात, आईच्या मागाबद्दल ऐकून घेणारं आता तिथं कुणी उरलं नाही. नातवंडांना त्यात गोडी नाही. मी ऐकत होते, उलट प्रश्न विचारत होते, आणि प्रश्न मागाच्या माहितीचे होते. ती माझ्यावर उपकार करत होती असं एकदाही वाटलं नाही. उपकाराच्या भावनेनं बोलत राहिली असती तर ते चार दिवस टिकलं असतं. आज मी इचलकरंजीत आहे, तरी दर रविवारी संध्याकाळी तिचा फोन येतो.

आता इचलकरंजी. इथल्या मागांवर आज उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातून आलेली माणसं मोठ्या संख्येनं आहेत. पुरुष बाराबारा तास मागावर, बायका एका खोलीत. त्यांची मुलं माझ्या वर्गात असायची. वर्षभरात मराठी बोलायची, कारण पोरं खेळताना भाषा बदलत नाहीत. लगोरी मराठीत तर मराठीत. प्रश्न त्यांच्या आईबापांचा आहे.

परवा मंडईत पाहिलं. माझ्या पुढं एक बिहारी बाई उभी होती, कडेवर मूल. तिनं नीट जुळवून विचारलं, “मेथी कशी दिली?” उच्चार वेगळा होता, पण वाक्य स्वच्छ मराठी. भाजीवाल्या मावशींनी तिच्याकडं बघितलं आणि उत्तर दिलं, “बीस रुपया, लेना है क्या?” ती “दे दो” म्हणाली. झालं, संपली मराठी. मावशींच्या मनात काही वाईट नव्हतं, पॅरिसच्या दुकानदारासारखाच चांगला विचार होता. पण रिक्षात, दवाखान्यात, बँकेत, कारखान्यात आपण सगळे दिवसभर हेच करतो. समोरच्याचा चेहरा किंवा उच्चार जरा वेगळा दिसला की तो तोंड उघडायच्या आत आपण हिंदीवर जातो. आणि संध्याकाळी, हे लोक मराठी शिकत नाहीत, म्हणून संपादकांना पत्रं लिहितो. मराठी बोल म्हणून दमदाटी करणाऱ्या पोरांचे व्हिडिओ मोबाइलवर फिरतात. त्या पोरांपैकी एकानं तरी आठवड्यातला एक तास त्या माणसासमोर बसून, तो शब्द शोधत असताना थांबून, त्याच्याशी मराठीत गप्पा मारल्या आहेत का, हे मला जाणून घ्यायचं आहे.

आपल्याकडं १९६७ सालच्या कायद्याखाली चालणारी हजारो सार्वजनिक वाचनालयं आहेत. अ वर्गापासून ड वर्गापर्यंत, तालुक्याच्या गावापासून वाडीपर्यंत. मोठं टेबल आहे, खुर्च्या आहेत, वर्तमानपत्रं आहेत, आणि दुपारी तिथं चिटपाखरू नसतं. तिथं आठवड्यातून एक तास मराठी गप्पांचा का असू नये? नवीन योजना नको, अनुदान नको, अभ्यासक्रम तर अजिबात नको. अभ्यासक्रम आला की परीक्षा आली, आणि परीक्षा आली की ज्यांच्यासाठी हे करायचं ती माणसं येणारच नाहीत. सही करायला कचरणारी बाईसुद्धा आली पाहिजे. टेबलावर काहीतरी काम ठेवावं : शेंगा सोलणं, वाती वळणं, पुस्तकांना कव्हरं घालणं, काहीही. नियम दोनच. हिंदीवर जायचं नाही आणि वाक्य पुरं होईपर्यंत मध्ये बोलायचं नाही. तिनं तिकडची छठपूजा कशी करतात हे मोडक्या मराठीत सांगावं, आपण मार्गशीर्षातले गुरुवार सांगावेत. ओडिया बाईला संबळपुरी साडीबद्दल विचारलं तर ती किती बोलेल! धागा विणण्याआधी बांधून रंगवतात आणि मग नक्षी उमटते, हे काम ज्यांच्या मुलखात पिढ्यान्‌पिढ्या चालतं ती माणसं आज आपल्या गावात साधं कापड विणतात, आणि त्यांना त्याबद्दल विचारणारं एकही माणूस या विणकरांच्या गावात नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

आमच्या भागातल्या वाचनालयाच्या कार्यवाहांशी मी बोलले आहे. समितीनं होकार दिला आहे. दिवाळीनंतर रविवारी दुपारी तीन ते चार ही वेळ ठरली आहे, कारण रात्रपाळीवाल्यांची झोप तोवर झालेली असते आणि बायकांचा दुपारचा स्वयंपाक आवरलेला असतो. माझ्या जुन्या विद्यार्थ्यांच्या आयांना मी घरी जाऊन निमंत्रण देते आहे. त्यांतल्या दोघी तिघी नक्की येतील. अडचण आहे ती मराठी बोलणाऱ्यांची. निवृत्त शिक्षक पुष्कळ तयार आहेत, पण ते लगेच शिकवायला लागतात. मला हवेत जॉबर, शिंपी, कंडक्टर, परिचारिका, घरी पापड-लोणची करणाऱ्या बायका, ज्यांना हातातलं काम न थांबवता गप्पा मारता येतात. विशेषतः पुरुष हवेत, कारण मागावरचे कामगार आले तर त्यांच्यासमोर बसायला आत्ता माझ्याकडं एकच वहिफणी कामगार, म्हणजे ताण्याचे धागे मागाच्या फणीतून ओवणारा माणूस आहे, आणि तो एकटा पुरा पडणार नाही.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
इचलकरंजी